देवदूत, एलियन आणि मधल्यामधे अडकलेली आई

या वेळी पत्रांचा गठ्ठा एकाच दिशेने आलाय, सगळ्यांचं डोकं वर आकाशात. निवडक पाच घेतलीत. पहिल्याला जास्त जागा दिलीय कारण ते पत्र वाचून मला त्या बाईंची खरंच दया आली.

प्रश्न: सर नमस्कार, आम्ही वसईचे. घरात सासूबाई, मी, मिस्टर आणि इंजिनीअरिंगला असलेला मुलगा. सासूबाईंचा राखणदार देवदूतावर पक्का विश्वास, रोज झोपताना त्याची प्रार्थना म्हणतात. तरुणपणी एकदा रात्री वाडीतून एकट्या येताना कोणीतरी बाजूने चालतंय असं त्यांना स्पष्ट जाणवलं होतं, तो देवदूतच होता हे आजही सांगतात. मुलगा यावर हसतो. आणि तोच मुलगा रात्री दोन दोन वाजेपर्यंत यूट्यूबवर एलियनचे व्हिडिओ बघत बसतो, तो थ्री आय अ‍ॅटलास धूमकेतू नाहीच म्हणे, यान आहे, नासा लपवतंय. परवा जेवताना दोघांची जुंपली आणि मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले की तू सांग कोण बरोबर. मी काय सांगू? मलाच कळत नाही काय मानायचं.
(एक वाचक, वसई)

उत्तर: ताई, पहिलं म्हणजे न्यायाधीश व्हायला जाऊ नका, जेवण गार होतं आणि निकाल कोणालाच पटत नाही.

पण गंमत बघा, आजी आणि नातू दोघं एकच उडी मारतायत. काहीतरी जाणवलं किंवा दिसलं, इथपर्यंत ठीक, आणि तिथून थेट ‘तो देवदूत होता’ नाहीतर ‘ते यान आहे’. जाणवलं की नाही हा एक प्रश्न, ते काय होतं हा पूर्ण वेगळा प्रश्न. मला अशा वेळी कायम फ्रँक स्माइथ आठवतो. ब्रिटिश गिर्यारोहक, १९३३ ची एव्हरेस्ट मोहीम. १ जूनला तो आणि एरिक शिप्टन सगळ्यात वरच्या कॅम्पवरून निघाले, शिप्टनला बरं वाटेना म्हणून तो मागे फिरला आणि स्माइथ एकटाच पुढे गेला, ऑक्सिजनचं नळकांडं नाही काही नाही, साडेआठ हजार मीटरच्या वर, जिथे एका श्वासात समुद्रकाठच्या मानाने साधारण एक तृतीयांश प्राणवायू मिळतो. आणि त्याला सारखं वाटत होतं की आपल्यासोबत कोणीतरी आहे, आपण एकाच दोराला बांधलेले आहोत, पाय घसरला तर हा धरेल. एके ठिकाणी थांबून त्याने खिशातून मिंट केक काढला (साखर-पेपरमिंटची वडी असते ती), तिचे दोन तुकडे केले आणि एक तुकडा त्या सोबत्याला द्यायला म्हणून हात पुढे करून वळला. तिथे कोणीच नव्हतं.

एवढ्यावर संपत नाही. उतरताना, कॅम्प थोडा खाली दिसत असताना, त्याला आकाशात दोन काळ्या वस्तू तरंगताना दिसल्या. एकीला अर्धवट वाढलेल्या पंखांसारखं काहीतरी, दुसरीला चोचीसारखं. जागच्या जागी होत्या पण हळूहळू फुगत आकसत होत्या. म्हणजे एकाच माणसाला एकाच दिवशी तुमच्या सासूबाईंचा सोबतीही भेटला आणि तुमच्या मुलाची यानंही दिसली!

आता त्याने काय केलं ते महत्त्वाचं. त्याने मुद्दाम नजर वळवली आणि समोरची शिखरं ओळखून एकेकाचं नाव मनात घेतलं, चो ओयू, पुमोरी, आपलं डोकं ठिकाणावर आहे ना हे बघायला. नावं बरोबर येत होती. परत बघितलं तर वस्तू तिथेच. मग धुकं आलं आणि त्या दिसेनाशा झाल्या. खाली आल्यावर त्याने हे सगळं जसंच्या तसं लिहून ठेवलं, लोकांनी ‘फ्रँकच्या किटल्या’ म्हणून टर उडवली तरी, पण त्यावर ना त्याने पंथ काढला ना परग्रहावरचे भेटले म्हणून भाषणं देत हिंडला. जे दिसलं ते सांगितलं आणि जे ठाऊक नव्हतं त्याला नाव दिलं नाही. मला हा माणूस फार आवडतो.

हे ‘कोणीतरी सोबत आहे’ प्रकरण पुढे लॅबमध्येही घडवून आणलं लोकांनी. २००६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ओलाफ ब्लँके यांच्या टीमने फिट्सच्या एका पेशंटची तपासणी करताना तिच्या मेंदूच्या डाव्या बाजूच्या एका ठरावीक जागी हलकासा करंट दिला, तर तिला आपल्या पाठीमागे सावलीसारखा माणूस जाणवायचा, ती बसली की तोही बसायचा. २०१४ मध्ये त्याच मंडळींनी धडधाकट माणसांवर रोबो वापरून प्रयोग केला, तुम्ही समोर हात हलवायचा आणि मागचा रोबो तुमच्या पाठीवर तसाच स्पर्श करणार पण अर्धा सेकंद उशिरा. एवढ्याशा उशिराने मेंदू गोंधळतो आणि मागे कोणी उभं आहे असं वाटायला लागतं, काहींना इतकं विचित्र वाटलं की त्यांनी प्रयोग थांबवायला लावला.

म्हणून सासूबाईंना जे जाणवलं ते खोटं नाही, त्यावर हसण्यासारखं तर अजिबात नाही. अंधार, एकटेपणा, भीती, दमलेलं शरीर, यात मेंदू सोबत देतो. ती सोबत देवाने पाठवली असं त्या म्हणतात, ही त्यांची श्रद्धा, आणि त्या तिला श्रद्धाच म्हणतात, दुर्बिणीतून दिसलं असं म्हणत नाहीत. मी स्वतः देवदूत मानत नाही, सरळच सांगतो, पण या बाबतीत त्यांच्याशी वाद घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही कारण तपासायचं काय तेच उरत नाही. आणि न मानणारे काही आजचेच नाहीत बरं का, बायबलच्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातच लिहिलंय की ज्यूंमधले सदूकी पंथाचे लोक देवदूत मानत नव्हते आणि परूशी पंथाचे मानत होते. म्हणजे तुमच्या जेवणाच्या टेबलावरचं भांडण दोन हजार वर्षं जुनं आहे.

फक्त एक, उद्या कोणी आलं आणि म्हणालं की देवदूताने मला सांगितलंय ही गोळी बंद करा, हे तेल घ्या, एवढे पैसे भरा, तर तिथे श्रद्धा संपली आणि व्यवहार चालू झाला, मग पावती मागायची. हे मी माझ्या पदरचं नाही सांगत, बायबलमध्येच, पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात स्पष्ट आहे की स्वर्गातून आलेल्या देवदूताने जरी वेगळी सुवार्ता सांगितली तरी ऐकू नका.

आता चिरंजीव. त्याला वाटतंय तो विज्ञानाच्या बाजूने आहे. नाहीये. थ्री आय अ‍ॅटलास १ जुलै २०२५ ला चिलीमधल्या दुर्बिणीने सापडला, सूर्यमालेच्या बाहेरून आलेली आपल्याला माहीत असलेली तिसरीच वस्तू, १९ डिसेंबरला पृथ्वीच्या सगळ्यात जवळ म्हणजे तरी २७ कोटी किलोमीटरवर. त्याच्याभोवती वायू आणि धुळीचं आवरण आहे, शेपूट आहे, धूमकेतूने जे करायचं ते तो करतोय. एवढ्या लांबून, दुसऱ्या ताऱ्याकडून आलेला दगड-बर्फ बघायला मिळतोय हे कमी आहे का, पण नाही, यानच पाहिजे. आणि फोटो स्पष्ट आला नाही तर नासा लपवतंय, स्पष्ट आला तर एडिट केलाय. त्याला एवढंच विचारा की बाबा, काय दिसलं म्हणजे तू मान्य करशील की ते यान नाही? उत्तर ‘काहीच नाही’ असेल तर आजी त्याच्यापेक्षा प्रामाणिक आहे.

आणि त्याला जोसलिन बेलची गोष्ट सांगा. १९६७, केंब्रिज, पीएचडी करणारी मुलगी, रोज मीटरच्या मीटर कागदावर रेडिओ दुर्बिणीची रेघ तपासायची. त्यात तिला एक बारीकसा गिचमिडा दिसला, नीट मोजल्यावर १.३४ सेकंदांनी एक ठोका, घड्याळासारखा. टीमने गमतीत त्याला ‘छोटी हिरवी माणसं’ असं नाव पण दिलं. जगातली सगळ्यात मोठी बातमी हातात होती. बेलबाईंनी प्रेसला फोन नाही केला, त्या उलट वैतागल्या की माझ्या पीएचडीच्या मधे हे कुठून आलं, आणि ख्रिसमसच्या आधी आकाशाच्या वेगळ्याच भागात तसलाच दुसरा सिग्नल शोधून काढला. दोन वेगवेगळ्या ठिकाणची हिरवी माणसं एकाच वेळी आपल्यालाच मिस कॉल देतील का? नाही. ते तारेच निघाले, पल्सार.

मी काय मानायचं हे असंच ठरवतो. ज्याला ती गोष्ट खरी निघावी असं सगळ्यात जास्त वाटतं, तो स्वतः ती पाडायचा किती प्रयत्न करतो ते बघतो. आपले खगोलशास्त्रज्ञ निक्कू मधुसूदन, बनारसला शिकलेले, आता केंब्रिजला, त्यांनी एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं की १२४ प्रकाशवर्षांवरच्या के टू एटीन बी ग्रहाच्या हवेत डायमिथाइल सल्फाइडची खूण दिसतेय, पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातलं सूक्ष्म प्लवंग तयार करतं. पण त्याच दमात हेही सांगितलं की शोध लागला म्हणायला जेवढी खात्री लागते तेवढी अजून नाही, दुर्बिणीचा आणखी वेळ पाहिजे. मग दुसऱ्या लोकांनी तोच डेटा परत चाळला आणि म्हणाले खूण टिकत नाही. हे असं चालतं, आणि हे यूट्यूबवर चालत नाही कारण याला थंबनेल नीट बनत नाही.

दोघांना एकत्र बसवायचं असेल तर त्यांना एक गोष्ट सांगा. २००८ मध्ये व्हॅटिकनच्या वेधशाळेचे तेव्हाचे प्रमुख, फादर होजे गॅब्रिएल फुनेस, यांनी व्हॅटिकनच्याच पेपरात मुलाखत दिली होती, मथळा होता ‘परग्रहवासी माझा भाऊ आहे’. परग्रहावर जीव असू शकतो हे मानण्यात श्रद्धेला अडचण नाही असं त्यांचं म्हणणं. सासूबाईंना चालेल, मुलालाही चालेल.

प्रश्न: काका, मी चंद्रपूर जिल्ह्यातला. २०२२ च्या पाडव्याला संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी आकाशात जळत जाणारी रांग बघितली, आणि सिंदेवाही तालुक्यात लोखंडाची भली मोठी रिंग पडली. आधी म्हणे उल्का, मग म्हणे न्यूझीलंडचं रॉकेट, मग म्हणे चीनचं. दर दोन दिवसांनी स्टोरी बदलली म्हणजे काहीतरी लपवत होते ना?
(एक वाचक, चंद्रपूर)

उत्तर: स्टोरी बदलली म्हणजे लपवतायत असं नसतं रे, स्टोरी बदलली म्हणजे कोणीतरी तपासतंय. लपवणाऱ्याची स्टोरी पहिल्या दिवसापासून एकच असते.

तुझ्या डोळ्यांनी जे बघितलं त्यातच अर्धं उत्तर आहे. उल्का सेकंदाला ११ किलोमीटरच्या खाली येतच नाही, बहुतेक तर कितीतरी जोरात येतात, म्हणून ती डोळ्यापुढून एक-दोन सेकंदांत गेलेली असते, शेजारच्याला ‘बघ बघ’ म्हणेपर्यंत संपते. तुम्ही लोकांनी मोबाईल काढून व्हिडिओ केले! एवढा वेळ, आडवी सरकत, तुकड्या तुकड्यांनी जळत जाणारी रांग म्हणजे कक्षेत फिरणारं काहीतरी हळूहळू खाली येतंय. त्या दिवशीच न्यूझीलंडहून एक रॉकेट उडालं होतं म्हणून आधी तो अंदाज केला गेला, साहजिक होता. मग कक्षांचा हिशोब ठेवणाऱ्या जाणकारांनी वेळ आणि मार्ग जुळवला, तर तो चीनच्या लाँग मार्च थ्री बी रॉकेटचा तिसरा टप्पा निघाला, फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या. वर्षभराहून जास्त वर फिरत होता आणि २ एप्रिलला नेमका आपल्या डोक्यावर उतरला. लाडबोरीला पडलेली रिंग जवळपास ३ मीटर व्यासाची, पवनपारला धातूचा गोळा सापडला, अशा टप्प्यांमध्ये वायू दाबाखाली ठेवायला गोल टाक्या असतात, त्या पुष्कळदा जळून संपत नाहीत.

लाडबोरीत ती रिंग कोणाच्या घरावर पडली नाही हे नशीब. राग यायचाच असेल तर याचा येऊ दे की एवढं वजन वर सोडून देतात आणि ते कुठे पडेल याची फिकीर नाही. एलियनपेक्षा हा विषय जास्त गंभीर आहे पण याच्यावर रील कोण बनवणार.

प्रश्न: पण सर, देवदूत म्हणा, उडत्या तबकड्या म्हणा, जगभर हजारो लोकांनी बघितलंय. एवढे सगळे खोटं बोलतील का?
(निवृत्त शिक्षक, कोल्हापूर)

उत्तर: गुरुजी, खोटं कोणीच बोलत नाही, तीच तर अडचण आहे. पहिल्या महायुद्धात २३ ऑगस्ट १९१४ ला बेल्जियममधल्या मॉन्सला ब्रिटिश फौज मोठ्या जर्मन सैन्यापुढे अडकली आणि मग मागे हटत हटत निसटली. २९ सप्टेंबरला लंडनच्या ईव्हनिंग न्यूज पेपरात आर्थर मॅकन नावाच्या लेखक-पत्रकाराने एक कथा लिहिली की एक सैनिक सेंट जॉर्जचा धावा करतो आणि जुन्या काळातले धनुर्धारी प्रकट होऊन जर्मनांना पाडतात. कथा. मनाने रचलेली. पण पेपरात बातम्यांच्या शेजारी छापली गेली, मग चर्चच्या पत्रिकांनी पुन्हा छापायला परवानगी मागितली, आणि एका पाद्रीबाबांनी तर लिहिलं की याचे आधार कळवा. मॅकन म्हणाला आधार कसले, मी रचली. तर पाद्रीबाबा म्हणतात तुमचाच काहीतरी गैरसमज होतोय, घटना खरीच असणार!

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत धनुर्धारी जाऊन देवदूत झाले आणि इंग्लंडभर ‘मॉन्सचे देवदूत’ पसरले. लेखक ओरडून सांगतोय की मी लिहिलंय हो, कोणी ऐकायला तयार नाही. शेवटी अतींद्रिय अनुभवांचाच अभ्यास करणाऱ्या लंडनच्या एका संस्थेने, म्हणजे ज्यांना हे खरं निघालेलं आवडलंच असतं त्यांनी, १९१५ मध्ये चौकशी केली. ज्याने स्वतः बघितलं असा एकही साक्षीदार त्यांना मिळाला नाही. प्रत्येकाला दुसऱ्या कोणीतरी सांगितलेलं. मुलं युद्धावर गेलेल्या आयांना ते खरं असायला हवं होतं, त्यात खोटेपणा नव्हता.

म्हणून किती लोक सांगतायत हे मोजू नका, स्वतः बघितलेले किती ते मोजा. आकडा भराभर खाली येतो.

प्रश्न: मला सारखं ११:११ दिसतं. फोनवर, गाडीच्या नंबरवर, बिलावर. मैत्रीण म्हणते एंजल नंबर आहे, देवदूत मेसेज देतायत. खरं का?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर: अगं, दिवसातून शंभर वेळा फोन बघतेस, १०:४७ दिसलं ते लक्षात राहतं का? नाही ना. सांगितल्यापासून ११:११ तेवढं टोचतं. बाकी ज्यांच्या घरचे देवदूत आहेत ते चर्चवाले यात किती कडक आहेत बघ, सन ७४५ मध्ये पोप झकारियास यांच्या रोमच्या धर्मसभेने एका बाबाला शिक्षा केली कारण तो प्रार्थनेत मनानेच देवदूतांची नावं घुसडत होता, आणि २००१ मध्ये व्हॅटिकनने पुन्हा बजावलं की मायकेल, गॅब्रिएल, राफाएल सोडून कुठल्याही देवदूताला नाव देऊ नका. जिथे नाव द्यायलाच मनाई तिथे मोबाईल नंबर कुठून येणार. मैत्रीण फी घेत नसेल तर चालू दे, घेत असेल तर मैत्रीण बदल.

प्रश्न: सर मी बारावी सायन्सला आहे, जुन्नर तालुका. नारळीकर सरांनी एलियन जंतू शोधले होते असं वाचलं. मग परग्रहावर जीव आहे हे सिद्धच झालं ना? मला यातच पुढे जायचंय.
(एक विद्यार्थिनी)

उत्तर: सिद्ध नाही झालं, आणि झालं असं नारळीकर सरांनीही म्हटलं नव्हतं, त्यासाठीच हा प्रयोग नीट समजून घे. २००१ आणि मग २००५ मध्ये हैदराबादहून प्रचंड फुगा सोडला, इस्रो, टीआयएफआर ही मुंबईची संशोधन संस्था आणि इतर संस्था मिळून. २००५ च्या फुग्याखाली ४५९ किलोचं सामान, त्यात १६ निर्जंतुक केलेली, आतली हवा काढून टाकलेली स्टीलची नळकांडी, द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेली. ती २० ते ४१ किलोमीटर उंचीवर उघडायची, तिथली हवा आत ओढून घ्यायची, बंद व्हायची आणि पॅराशूटने खाली. मग नमुने हैदराबादच्या सीसीएमबी आणि पुण्याच्या एनसीसीएस अशा जीवशास्त्राच्या दोन लॅबमध्ये वेगवेगळे तपासले, एकाची चूक दुसऱ्याला सापडावी म्हणून. १२ जिवाणूंच्या आणि ६ बुरशीच्या वसाहती मिळाल्या, त्यातले ३ जिवाणू तेव्हा अगदी नवे होते. एकाला फ्रेड हॉईल यांचं नाव दिलं, एकाला इस्रोचं, एकाला आर्यभटाचं.

लक्षात घे, हॉईल म्हणजे नारळीकरांचे गुरू, जीव अवकाशातून आला असं आयुष्याच्या उत्तरार्धात ठामपणे सांगणारे. शिष्याच्या हातात पुरावा आल्यासारखं होतं. तरी २००९ च्या निवेदनात स्वच्छ लिहिलंय की हे जिवाणू पृथ्वीबाहेरूनच आले असं यातून निश्चित सिद्ध होत नाही, पुढे काम करायला उत्तेजन मिळतंय इतकंच. आणि बरं झालं तसं लिहिलं, कारण तो आर्यभटाच्या नावाचा जिवाणू पुढे वेगवेगळ्या देशांत साध्या शेतातल्या मातीत, पिकांच्या मुळांपाशी सापडला, आता तर पीक वाढायला मदत करतो म्हणून त्याच्यावर काम चालतं. त्यामुळे ‘खालून वर गेला की वरून खाली आला’ हा प्रश्न अजून जिथल्या तिथे आहे, आणि माझ्या मते खालून वर गेला हेच जास्त पटण्यासारखं.

माझं मत विचारशील तर कुठेतरी सूक्ष्मजीव असतील, ग्रहच इतके सापडलेत की नसणं अवघड वाटतं, पण इथे येऊन तबकडी उतरवून गेलं कोणी याला काडीचा पुरावा नाही. तू जुन्नरची आहेस म्हणजे खोडद तुझ्या दारात आहे. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना, एकेक ४५ मीटर व्यासाची, २०१६ मध्ये मंगळावर उतरणाऱ्या युरोपच्या यानाचा क्षीण सिग्नल याच अँटेनांनी इथून पकडला होता. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे शाळा-कॉलेजची मुलं प्रदर्शन घेऊन जातात, तूही कॉलेजमधल्या सरांना सांगून जा, आणि गेलीस की तिथल्या माणसांना एवढंच विचार की सिग्नल मोबाईलचा आहे की आकाशातला हे तुम्ही ओळखता कसं. तो त्यांचा रोजचाच प्रश्न आहे. गणित मात्र सोडू नकोस, बायोलॉजी घेतलीस तरी.